निवळलेले पाणी शुद्ध असतेच का?

पावसाळ्यात मुठा खोऱ्यातील ओढे-नाले गाळ घेऊन खडकवासला धरणाला मिळतात आणि पुण्यात कधीकधी नळाला गढूळ पाणी येते. मग हंड्यात तुरटी फिरवली जाते, काही वेळाने पाणी निवळते. ते शुद्ध झाले काय, हे ठरविण्यासाठी मिश्रणांचे प्रकार ओळखता आले पाहिजेत.

ज्या मिश्रणात घटकांचे प्रमाण सर्वत्र सारखे असते, ते समांगी मिश्रण. मिठाच्या पाण्याचा वरचा चमचा घ्या वा तळाचा, चव एकच. शिवाय ते गाळून मीठ वेगळे होत नाही. समांगी मिश्रण द्रवच असते असेही नाही. तांबे आणि जस्त यांचे पितळ हे घनरूप समांगी मिश्रणच होय. याउलट चिवडा, ताक, वरण ही विषमांगी मिश्रणे. ताक ठेवून दिले की वर निवळी येते. वरण ढवळूनच वाढावे लागते.

दुधाच्या बाबतीत मात्र डोळे फसतात. एकजीव दिसणाऱ्या दुधात स्निग्धांशाचे थेंब आणि प्रथिनांचे कण तरंगत असतात. म्हणून ते विषमांगीच. ‘होमोजिनाइज्ड’ दुधात हे थेंब बारीक केलेले असल्याने साय वर येत नाही, एवढेच. अशा मिश्रणांना कलिल म्हणतात. त्यांतील कण साधारणतः १ ते १००० नॅनोमीटर आकाराचे असतात.

कलिल ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत एका पेल्यात मिठाचे स्वच्छ पाणी आणि दुसऱ्यात दुधाचे दोन-तीन थेंब घातलेले पाणी घ्यावे. बाजूने बॅटरीचा झोत सोडल्यास दुसऱ्या पेल्यात प्रकाशाचा मार्ग स्पष्ट दिसतो, पहिल्यात जवळजवळ दिसत नाही. कण प्रकाश विखुरतात म्हणून हे घडते. शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांच्या नावावरून यास ‘टिंडल परिणाम’ म्हणतात.

आता तुरटीकडे वळू. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण प्रभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात व लवकर खाली बसत नाहीत. तुरटीतील ॲल्युमिनियममुळे हा प्रभार नाहीसा होतो, कणांचे पुंजके होतात आणि गाळ तळाशी जातो. म्हणजे तुरटी पाण्यातील विषमांगी भाग काढते. विरघळलेले क्षार व नायट्रेट तसेच राहतात आणि सर्व जंतूही जात नाहीत. थोडे जंतू असलेले पाणी तर डोळ्यांना आणि बॅटरीच्या झोतालाही स्वच्छच भासते.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात ‘जीबीएस’ अर्थात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण आढळले, तेव्हा पिण्याच्या पाण्याविषयी शंका उपस्थित झाली आणि नागरिकांना पाणी उकळून पिण्याचा सल्ला देण्यात आला, तो याचसाठी.

म्हणून गढूळ पाणी आधी निवळू द्यावे, मग स्वच्छ कापडाने गाळावे आणि खळखळ उकळून झाकून ठेवावे. उकळल्याने जंतू मरतात, विरघळलेले क्षार मात्र पाण्यातच राहतात. त्यामुळे विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी पिणाऱ्यांनी ते प्रयोगशाळेतून तपासून घेणे श्रेयस्कर.