शेजाऱ्याला वाढू न देणारे गवत

खेड्यातील वस्ती असो की शहरातील झोपडपट्टी, विहाराचे पटांगण असो की गायरानाचा पडीक तुकडा, पहिला पाऊस पडला की गाजरासारख्या पानांचे आणि पुढे बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जाणारे एक झाड सगळीकडे माजते. कोणी त्याला गाजर गवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत, तर काही भागात चटकचांदणी. नावात गवत असले तरी हे गवत नव्हे. शेवंती आणि सूर्यफूल ज्या कुळातले, त्याच कुळातले हे झुडूप आहे. त्याच्या दाटीत दुसरे काही नीट का वाढत नाही, आणि ते उपटणाऱ्या आमच्या मायबहिणींच्या हाताला, मानेला खाज का सुटते, असे दोन प्रश्न आहेत. दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच पदार्थ आहे. त्याचे नाव पार्थेनिन.

झाडे जागेसाठी, पाण्यासाठी आणि उन्हासाठी भांडतात, हे आपण जाणतो. काही झाडे मात्र याहून पुढे जातात. ती आपल्या अंगात तयार झालेली रसायने बाहेर सोडतात आणि शेजारच्या रोपाचे बी रुजू देत नाहीत, रुजलेच तर मूळ लांबू देत नाहीत. पावसाच्या पाण्याबरोबर पानांवरून, मुळांतून, गळून कुजलेल्या पाल्यातून, अशा अनेक वाटांनी ही रसायने मातीत उतरतात. व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये या प्रकाराला ॲलेलोपॅथी हे नाव दिले. अक्रोडाच्या झाडाखाली टोमॅटो कोमेजतो, तो जुग्लोन नावाच्या अशाच एका द्रव्यामुळे.

नाव १९३७ चे, पण अनुभव आमच्या शेतकऱ्यांचा फार जुना. मराठीत त्याला 'बेवड' हा छान शब्द आहे. तुरीचा, हरभऱ्याचा बेवड चांगला, ज्वारीचा बेवड वाईट, असे अक्षरओळख नसलेला म्हाताराही सांगतो. ज्वारीच्या मुळांवरील बारीक केसांतून सोर्गोलिओन नावाचे पिवळसर तेलकट द्रव्य पाझरते आणि ते लहान रोपांचे अन्न तयार करण्याचे काम रोखते, हे शास्त्रज्ञांनी शोधून काढले. वाईट बेवडाचे सगळे खापर मात्र या एका द्रव्यावर फोडता येणार नाही. ज्वारीची धसकटे कुजताना मातीतील नत्र अडकून पडते, तेही कारण आहेच. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या माणसांनी हे निरीक्षण पिढ्यान्‌पिढ्या जपले, याची नोंद कोणत्या ग्रंथात होते? असो.

आता गाजर गवताकडे वळू. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. आपल्याकडे पुण्यात १९५५ मध्ये ती नजरेस आली आणि पुढच्या वर्षी तिची शास्त्रीय नोंद छापून आली. पी.एल. ४८० च्या अमेरिकन गव्हाबरोबर ती आली असे घरोघरी सांगितले जाते. पण त्या कायद्याखालचा भारताचा करार १९५६ च्या ऑगस्टमधला, आणि झाड तर आधीच उगवलेले होते. परदेशी धान्य त्यापूर्वीही येत होते, तेव्हा धान्याबरोबर बी आले असणे शक्य आहे; सगळा दोष त्या एका कराराला देणे मात्र बरोबर दिसत नाही.

या झाडाच्या पानांवर, देठांवर आणि फुलांवर सूक्ष्म केस असतात. त्यांत पार्थेनिन साठलेले असते. पाऊस पडला की ते धुऊन मातीत जाते. शिवाय पाला कुजताना आणखी काही आम्ले त्यात भर घालतात. कडधान्याच्या मुळांवरील गाठींमध्ये नत्र बांधणारे जीवाणू राहतात, त्यांनाही ही द्रव्ये जाचक ठरतात. सर्वांत नवल वाटते ते परागाचे. वाऱ्याने उडालेला याचा पराग वांगी, टोमॅटो, मिरची यांच्या फुलांवर जाऊन बसला तर फळ धरण्यात अडथळा येतो, असे भारतीय संशोधकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे बांधावरचे झाड वाफ्यात पाय न ठेवताही वाफ्याचे नुकसान करते. काचेच्या बशीत अर्क ओतून जेवढा परिणाम दिसतो तेवढा शेतात दिसेलच असे नाही. झाडाचा झपाटाही दांडगा आहे. चार ते सहा आठवड्यांत ते फुलावर येते आणि एका मोठ्या झाडाला पंधरा हजारांच्या वर बी धरते. विष आणि वेग अशी ही जोडी आहे.

आमच्या समाजाला याची झळ अधिक का बसते, हे सांगितले पाहिजे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. त्यानंतरही माणसे गायरानाचा तुकडा कसत राहिली. बैल नाही, पाणी नाही, कामासाठी घर सोडून बाहेर जावे लागते. एक हंगाम जमीन पडून राहिली की गाजर गवत शिरते. मग 'ही माणसे जमीन कसतच नाहीत' असे म्हणायला टपलेले लोक गावात असतातच. ज्याच्या नावावर अजून सातबारा झालेला नाही, त्याच्या दृष्टीने शेतात उभे पीक दिसणे हाच मोठा पुरावा. त्याच जमिनीवर हे झाड पिकाला दाबून टाकते.

दुसरी झळ हातांना. खुरपणीला जाणारी बाई दिवसभर हे झाड उघड्या हाताने उपटते. पहिल्या दिवशी काही होत नाही, म्हणून ती निर्धास्त राहते. पार्थेनिनची ॲलर्जी वारंवार संपर्क आल्यावर, कधी काही वर्षांनी जडते, आणि एकदा जडली की सहसा जात नाही. पापण्या, मान, कोपराच्या आतली घडी येथे कातडी लाल होते, जाड होते, चिरते. झाडाला हात न लावताही, नुसत्या हवेतल्या वाळक्या कणांनी त्रास होतो. कोणाला शिंका आणि दमा लागतो. पुण्याच्या डॉ. लोणकर यांनी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये या त्वचारोगावर लेख लिहिला, इतकी ही माहिती जुनी आहे. तरीही वस्त्यांतून अजून 'नजर लागली', 'देवीचा कोप झाला' असे ऐकू येते. १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या घरात अंगारा लावला जावा, याचे आम्हाला दुःख होते. अशा भगिनीला सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरकडे न्यावे आणि ती खुरपणीला जाते हे त्यांना आवर्जून सांगावे. तिला शेवंतीच्या फुलांचाही त्रास होऊ शकतो, हे लक्षात ठेवावे.

उपटण्याची वेळ महत्त्वाची आहे. फुले येण्यापूर्वी, माती ओली असताना, मुळासकट उपटावे. वर्षावासाच्या आरंभी बहुतेक विहारांत श्रमदान होते, तीच नेमकी वेळ. घरच्या पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, तोंडाला रुमाल बांधावा, हातमोजे नसतील तर दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. घरी आल्यावर साबणाने हात धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत. ज्याला आधीच खाज आहे, त्याला या कामावर पाठवू नये. ग्रामपंचायतीचे किंवा मालकाचे काम असेल तर हातमोजे मागावेत. बायांनी एकजुटीने मागितले तर ते मिळतात. उपटलेले, फूल न आलेले झाड नाडेपच्या टाकीत किंवा खड्ड्यात पूर्ण कुजवले तर त्याचे चांगले खत होते. फुलावर आलेले मात्र खतात घालू नये, बी पुन्हा शेतात जाईल.

मेक्सिकोहून आणलेला एक छोटा भुंगा १९८४ मध्ये बंगलोरला सोडण्यात आला. फिक्या अंगावर गडद रेघा असलेला हा भुंगा पावसाळ्यात गाजर गवताची पाने फस्त करतो. तो दिसला तर मारू नये. उन्हाळ्यात मात्र तो जमिनीत दडून बसतो, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबता येत नाही.

आणखी एक उपाय आमच्या बायांच्या ओळखीचा आहे. तरोटा, म्हणजेच टाकळा. हाही त्याच विद्येचा जाणकार. त्याच्या अंगातली द्रव्ये गाजर गवताचे बी रुजू देत नाहीत, आणि तो दाट उगवून ऊनही अडवतो. पडीक जागेत, बांधाच्या कडेला, वस्तीच्या मोकळ्या जागेत पावसाआधी त्याचे बी फेकावे, असा सल्ला कृषी शास्त्रज्ञ देतात. पहिल्या पावसात त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते, हे वेगळे सांगायला नको. गटाराकाठची तेवढी खुडू नये. धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर शेंगा वाळू लागतात. त्या फुटून बी सांडण्याआधी काढाव्यात, बी सावलीत वाळवावे आणि कापडी पिशवीत बांधून मे महिन्यापर्यंत कोरड्या जागी ठेवावे.