रॉय फ्रान्सिस त्या बोटीवर का नव्हते?

रग्बी लीग हा खेळ जन्मला तोच रोजाच्या प्रश्नावरून. उत्तर इंग्लंडमधील खाणकामगार, गिरणीकामगार सामन्याला गेला की त्याचा रोज बुडायचा. त्याची भरपाई द्यायला साहेबी वळणाची रग्बी युनियन तयार नव्हती. म्हणून १८९५ साली उत्तरेकडील क्लब फुटून निघाले. पुढे लीगमध्ये खेळणाऱ्यास युनियनचे दरवाजे बंद. बहिष्कारच म्हणा ना!

वेल्सच्या ब्रिनमॉर गावात वाढलेला रॉय फ्रान्सिस हा कृष्णवर्णीय मुलगा १९३६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी विगन क्लबच्या लीग संघात आला. १९३९ मध्ये महायुद्ध पेटले आणि चमत्कार घडला. सैनिकांच्या सामन्यांपुरता युनियनने आपला बहिष्कार उठवला! लष्करात दाखल झालेले फ्रान्सिस एरवी जिथे पाऊल ठेवू शकत नव्हते, त्याच युनियनमध्ये लष्करासाठी आणि वेल्ससाठी खेळले. अडल्या वेळी माणूस चालतो.

युद्ध संपले. १९४६ साली ब्रिटनचा लीग संघ ऑस्ट्रेलियास निघाला, तोही 'इंडॉमिटेबल' या विमानवाहू युद्धनौकेवरून. युद्धकाळात गणवेश चढवलेले फ्रान्सिस मात्र त्या युद्धनौकेवर नव्हते. ऑस्ट्रेलियात तेव्हा 'गोरा ऑस्ट्रेलिया' धोरण होते. यजमानांची पंचाईत नको म्हणून फ्रान्सिसना वगळले, असे या खेळाचे जाणकार आजवर सांगत आले आहेत. आमच्या वाचकांना यात आम्ही वेगळे काय समजावून सांगावे?

१९४७ साली न्यूझीलंडविरुद्ध त्यांना कसोटी मिळाली. त्यांनी दोन ट्राय केले. ती त्यांची पहिली आणि शेवटची कसोटी.

पण हा गडी रडत बसला नाही. ब्रिटनच्या व्यावसायिक खेळातील पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक म्हणून आज त्यांचेच नाव घेतले जाते. हल क्लबला त्यांनी १९५६ आणि १९५८ चे विजेतेपद मिळवून दिले, तर लीड्सला १९६८ चा चॅलेंज कप. खेळाडूंच्या बायकामुलांना सामन्याला आणण्याची ते सोय करीत. घर स्वस्थ तर खेळाडू स्वस्थ, हे त्यांना कळत होते. मैदानापलीकडचा माणूस पाहण्याची ही नजर कुठल्या पदवीतून आली नव्हती, असे आम्हास वाटते.

१९६९ साली सिडनीच्या एका क्लबने त्यांना प्रशिक्षक म्हणून बोलावले. १९४६ ला हुकलेला ऑस्ट्रेलियाचा प्रवास तेवीस वर्षांनी घडला. तिथे ते दोनच हंगाम राहिले. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. ब्रिनमॉरमध्ये त्यांचा पुतळा उभा राहायला २०२३ साल उजाडले.