आपला विद्यार्थी आणि इंग्रजीचे वाचन

आपल्या वाड्यावस्त्यांवरचा विद्यार्थी दहावीला कोणत्या विषयांत अडतो, हे कुणालाही विचारावे. उत्तर ठरलेले आहे : गणित आणि इंग्रजी. इंग्रजीचा प्रश्न निघाला की ‘पोरांचे पाठांतर नाही’ असे म्हणून शिक्षक मोकळे होतात. तीर्थपुरी परिसरात मी बरीच वर्षे माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवतो आहे. माझे निरीक्षण उलटे आहे. पाठांतर भरपूर आहे, वाचन नाही.

महाराष्ट्रात पूर्वी पाचवीपासून असलेली इंग्रजी २००० साली पहिलीपासून आली. तरीही नववीतल्या मुलाचे पुस्तक उघडून पाहा. इंग्रजी ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक देवनागरी लिहिलेली असते. मुलगा वाचतो ती देवनागरी. ऐकणाऱ्याला इंग्रजी ऐकू येते, पण मुलाचा डोळा इंग्रजी अक्षरावर टेकतच नाही. यात त्याचा आळस नाही. देवनागरीत बहुधा लिहिले तसे म्हणायचे असते. इंग्रजीत मात्र पाच स्वराक्षरांवर वीसेक स्वरांचे ओझे आहे. ‘सी-ए-पी’ म्हणजे कॅप. त्याला शेवटी मुका ‘ई’ जोडला की केप. तसेच टॅपचे टेप, पिनचे पाइन. ही गोष्ट पाच मिनिटांत सांगता येते. ती न सांगता रोज दहा स्पेलिंगे पाठ करायला लावणे म्हणजे मुळाक्षरे न शिकवता पोथी हातात देणे.

ही अडचण फक्त आपलीच नाही. टांझानियात मुले प्राथमिक शाळा स्वाहिलीत शिकतात आणि माध्यमिकला एकदम सगळे विषय इंग्रजीत येतात. स्वाहिली रोमन लिपीतच लिहितात. अक्षरे ओळखीची, पण प्रत्येक स्वराचा उच्चार ठरलेला. म्हणून ‘मेक’ हा शब्द तिकडचा नवशिका ‘माके’ असा वाचू शकतो. आपल्याकडेही तसा वाचणारे आहेत. गंमत अशी, की अरबीतून आलेले किताबू, कलामू, दावा, दुका हे स्वाहिली शब्द निजामी मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाहीत. मात्र एक सोय त्यांच्याकडे जास्त आहे : स्वाहिलीतही इंग्रजीसारखे क्रियापद कर्माच्या आधी येते. आपले शेवटी. ‘काल आलेला माणूस’ इंग्रजीत ‘माणूस, जो काल आला’ असा उलटा उभा राहतो. शब्दाखाली शब्द लिहून अर्थ लावणारा विद्यार्थी इथेच बुडतो.

शब्दांचेही तसेच. आपल्या मुलांच्या तोंडी इंग्रजी शब्द कमी नाहीत : स्टार्टर, फ्यूज, सलाईन, फॉर्म, रिझल्ट. त्यांतून सुरुवात करावी, पण सावधपणे. ‘लाईट गेली’ मधली लाईट म्हणजे वीज. पुस्तकातली लाईट म्हणजे उजेड, कधी हलके. आपले गाईड म्हणजे तयार उत्तरांचे पुस्तक. आणि ‘अंकल’ म्हणजे काका की मामा, हे मुले विचारतातच. ‘दोन्ही’ म्हटले की त्यांना इंग्रजांची कीव येते.

शब्द सुटा येतो आणि अर्थ लागत नाही, याचा नमुना फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर सापडतो. ‘कीप आउट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन’. कीप म्हणजे ठेवा, आउट म्हणजे बाहेर, रीच म्हणजे पोहोचणे, चिल्ड्रन म्हणजे मुले, हे चारही शब्द एका वर्गाला येत होते. अर्थ विचारला तर उत्तर आले : ‘मुलांना बाहेर पोहोचवा.’ मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा, हा अर्थ चार शब्दांच्या बेरजेत नाही. म्हणून मी आता सुटा शब्द वहीत लिहू देत नाही. तीन-चार शब्दांचा तुकडाच लिहायचा, आणि तुकड्यातुकड्याने वाचायचे.

मायकेल वेस्ट हे गृहस्थ १९२० च्या दशकात ढाक्याला बंगाली मुलांना शिकवत होते. बोलण्याआधी वाचन, आणि थोड्या, पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या शब्दांत लिहिलेली पुस्तके, हा त्यांचा आग्रह. १९५३ साली त्यांनी सुमारे २००० नित्याच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. पुढच्या अभ्यासकांचा हिशेब असा, की मदतीशिवाय समजून वाचायचे तर शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे हवेत. आपल्या नववीच्या धड्यात ओळीला दोन-तीन शब्द अडतात. हे वाचन नव्हे, खोदकाम आहे. नववीच्या मुलाला पाचवीचे पुस्तक दिले की त्याला लाज वाटते. मी त्यावर वर्तमानपत्राचे कव्हर घालून देतो.

सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. बाबासाहेबांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) मुळात इंग्रजीत आहे. जयंतीच्या मंचावर त्याचे नाव घेणाऱ्या किती विद्यार्थ्यांना त्यातले एक पान वाचता येते? २००० शब्दांत ते पुरे होणारही नाही. पण त्याशिवाय सुरूही होणार नाही.

आणि आमच्याकडे दिवाळीनंतर काही बाके रिकामी होतात. आईबाप कोयत्यावर, मुले त्यांच्याबरोबर ऊसतोडीला. पाच महिने पाठ्यपुस्तक पुढे जाते. जाताना त्यांना एक वही देतो : खताच्या गोणीवर, ट्रॅक्टरवर, कारखान्याच्या फाटकावर दिसेल ते इंग्रजी अक्षरशः उतरवून आणायचे, डोक्यावर देवनागरी न लिहिता. पाडव्याच्या सुमारास वह्या परत येतात. काही कोऱ्या, काही उसाच्या पाण्याने चिकटलेल्या. एका मुलीच्या वहीत ‘नेट वेट’ अकरा वेळा होते. तिला तो शब्द पुन्हा सांगावा लागला नाही.