पहिला अल्बम नक्की कोणता?

समजा, तुमचा विषय आहे 'गायक-गीतकारांचे पदार्पणाचे अल्बम'. इलेक्ट्रॉनिक आणि फोक यांचा मेळ शोधताय, म्हणजे इंग्लंडची बेथ ऑर्टन यादीत येणारच. १९९६ चा 'ट्रेलर पार्क': अकूस्टिक गिटार, फोक वळणाचा आवाज, खाली इलेक्ट्रॉनिक बीट्स. हेव्हनली या स्वतंत्र लेबलचा. १९९७ मध्ये मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीत. बहुतेक जण यालाच तिचं पदार्पण म्हणतात.

पण १९९३ मध्ये 'सुपरपिंकीमँडी' येऊन गेला होता! निर्माता विल्यम ऑर्बिट, प्रकाशन फक्त जपानमध्ये, बाज बराच जास्त इलेक्ट्रॉनिक. 'शी क्राइज युअर नेम' हे गाणं तर दोन्ही अल्बममध्ये आहे.

आता तुमचं विधान बघा: 'हा मेळ पदार्पणातच जमला.' १९९६ धरलं तर बरोबर. १९९३ धरलं तर आधी इलेक्ट्रॉनिक, फोक नंतर वर आलं. निष्कर्षच फिरला की! व्हायवात नेमकं इथेच बोट ठेवतात. म्हणून 'पदार्पण' म्हणजे काय, हे डेटा गोळा करण्याआधी लिहून ठेवा. मेळ कसा घडला हा प्रश्न असेल, तर मी १९९३ पासून सुरुवात करेन. ब्रिटनमधल्या श्रोत्यांनी काय ऐकलं हा असेल, तर १९९६.