चांदण्या जुळतात, वीज अडते

टँटॅलम डायसल्फाइडचा स्फटिक अभ्रकासारखा. साध्या चिकटपट्टीनेही पापुद्रे सुटतात. त्याच्या एका प्रकारात तेरा-तेरा टँटॅलम अणू जवळ सरकून सहा टोकांच्या चांदण्या बनतात. उणे 90 अंश सेल्सिअसच्या आसपास ही नक्षी सलग जुळते, इलेक्ट्रॉन अडकतात आणि विद्युतरोध एकदम दहापटीच्या घरात उसळतो.

हे पाहायचं कसं? लेसर टाकायचा (बेताचाच, नाहीतर नमुनाच तापायचा!) आणि विखुरलेल्या प्रकाशाचा रंग तपासायचा. अणूंच्या थरथरीने त्यातल्या किंचित प्रकाशाचा रंग बदलतो. हाच 1928चा रामन परिणाम. नक्षी जुळताच आलेखात नवी शिखरं उगवतात. स्फटिक पुन्हा तापवला, तर ती उणे 90ला जात नाहीत, उणे 50च्या आसपास मावळतात.