खिशातला चाकू: ओपिनेल की व्हिक्टोरिनॉक्स?

रोजच्या वापराच्या घडीच्या चाकूंमध्ये फ्रान्सचा ओपिनेल क्रमांक 8 आणि स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स स्पार्टन हे दोन नावाजलेले पर्याय आहेत. ओपिनेलचे पाते साडेआठ सेंटिमीटर लांब आणि पातळ असते. पेरू, कांदा, पाव त्याने फार सफाईने कापले जातात. मुठीच्या तोंडाशी असलेले धातूचे कडे फिरवले की उघडलेले पाते पक्के बसते, बोटांवर मिटत नाही. स्पार्टनच्या पात्याला असा खटका नाही. मात्र त्यात छोटे दुसरे पाते, डबा व बाटली उघडायची साधने, टोचा आणि चिमटाही असतो.

मुंबईतल्या मरोळमध्ये खरी परीक्षा पावसाळ्यात होते. दमट हवेत ओपिनेलची लाकडी मूठ फुगते आणि पाते खाचेत इतके घट्ट बसते की नखाने उघडता उघडत नाही. कार्बन पोलादाच्या पात्याने लिंबू कापून ते तसेच मिटले, तर आधी काळे डाग पडतात, मग गंज चढतो. ओपिनेलच हवा असेल तर स्टेनलेस पात्याचा घ्यावा. प्लॅस्टिकच्या मुठीचा, स्टेनलेस पात्यांचा स्पार्टन इथे निःसंशय सरस.

शस्त्र नियम, 2016 मधली 9 इंच लांबी आणि 2 इंच रुंदीची मर्यादा दोन्ही चाकूंपासून बरीच दूर आहे. तरी मरोळ नाक्यावरून रोज मेट्रो पकडणाऱ्याने चाकू घरी किंवा कामाच्या जागीच ठेवावा. मेट्रोत धारदार वस्तू नेता येत नाहीत. विमानात तो चेक-इन सामानातच टाकावा लागतो.