ब्रिकेटमधली ओल: काट्यावर भरते, भट्टीत नडते

लाकडाचा भुसा, शेंगांची टरफलं, सोयाबीनचं कुटार, उसाचं चिपाड असं काय काय दाबून केलेली ब्रिकेट बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणून विकली जाते. ती टनावर घेतली जाते आणि काट्याला पाणी व इंधन यांतला फरक कळत नाही. बॉयलरला वाफ कमी पडू लागली की बोल मात्र फायरमनला लागतो. दोष मालात असताना हे अन्यायाचं आहे. म्हणून ओलीबद्दलच्या काही ऐकीव गोष्टी तपासून पाहू.

‘थोडी ओल असली म्हणून काय बिघडलं? तेवढं पाणी उडायला जरा उष्णता जाईल, इतकंच.’ हा सगळ्यात महागात पडणारा समज. 30 अंशांच्या एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण 610 किलोकॅलरी लागतात. कोरड्या मालाच्या किलोमागे 4,200 किलोकॅलरी धरू. आता 10 टक्के ओलीचा एक टन आणि 20 टक्के ओलीचा एक टन शेजारी शेजारी ठेवा. दुसऱ्यात 100 किलो पाणी जास्त आहे. ते उडवायला 61,000 किलोकॅलरी गेल्या. पण 100 किलो इंधन मुळात आलंच नाही, तो तोटा 4,20,000 किलोकॅलरींचा, म्हणजे जवळजवळ सातपट! दोन्ही मिळून टनामागे सुमारे 13 टक्के उष्णता कमी मिळते. नुकसानीचा मोठा भाग भट्टी पेटण्याआधी, काट्यावरच झालेला असतो.

या हिशेबात न दिसणारा तोटा जाळात होतो. ब्रिकेट सरळ पेटत नाही. आधी ती वाळते, मग तापून तिच्यातून वायू निघतात आणि शेवटी उरलेला कोळसा धगधगतो. शेतातल्या काडीकचऱ्याच्या कोरड्या वजनातला 70 ते 80 टक्के भाग या वायूंच्या रूपानेच बाहेर पडतो, त्यामुळे भट्टीचं खरं काम हे वायू पुरते जाळण्याचं. ओला माल टाकला की पहिली पायरी लांबते आणि भट्टीचं तापमान उतरतं. मग वायू अर्धवट जळतात, कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि डांबरासारखा चिकट थर नळ्यांवर व चिमणीत बसू लागतो.

‘पांढरा धूर म्हणजे नुसती वाफ, काळजी नको,’ असंही म्हणतात. चिमणीकडे जरा वेळ बघा. नुसती वाफ थोड्या अंतरावर हवेत विरून जाते, दमट हवेत थोडी उशिरा. जो करडा-पांढरा पट्टा लांबवर तरंगत राहतो, ज्याला उग्र वास येतो आणि डोळे चुरचुरतात, त्यात न जळलेल्या वायूंचे थेंब असतात. ते तुम्ही पैसे मोजून घेतलेलं इंधनच आहे, आणि ते आसपासच्या वस्तीच्या छातीत जातं.

‘पाणी शिंपडलं की जाळ वाढतो’ या समजाला दाखला लोहाराचा दिला जातो. लोहार पाणी मारतो ते आग हवी तेवढ्याच जागेत राहावी, कडेचा कोळसा उगाच जळू नये म्हणून. दगडी कोळशाच्या बॉयलरवरही बारीक चुरी ओलवतात, कारण कोरडी चुरी हवेच्या झोताने उडून जाते. लालबुंद कोळशाशी वाफेचा संयोग होऊन जळणारे वायू तयार होतात हे खरं; पण ते तयार व्हायला जी उष्णता लागते तीच ते जळताना परत मिळते. पाण्यातून नवी ऊर्जा येत नाही. आणि ब्रिकेटवर पाणी मारलं तर उलट चुरी वाढते.

ते का, हे बादलीत कळतं. एक ब्रिकेट पाण्यात सोडा. ती बुडबुडे सोडत फुगते, दाबलेले थर चकत्यांसारखे सुटतात, आणि पाहता पाहता हाती नुसता भुसा येतो. तिच्यात बहुधा वेगळा डिंक नसतोच; दाब आणि उष्णतेने मऊ झालेलं लाकडातलं लिग्निन तिला धरून ठेवतं. त्यामुळे ‘पावसात भिजली तर उन्हात वाळवू’ हा लाकडाच्या ओंडक्याला लागू पडणारा न्याय इथे चालत नाही. ओल जाईल, पण आकार परत येणार नाही. कोकणात तर भिजण्याचीही गरज नाही. हवा आठवडेच्या आठवडे दमट राहिली की माल आपोआप सादळतो. ताडपत्री वर हवीच, पण खाली फळ्या आणि भिंतीपासून अंतरही हवं.

मग ओल शून्यच असावी का? तसंही नाही. दाबताना कच्च्या मालात साधारण 8 ते 12 टक्के ओल लागते. फार कोरडा माल नीट बांधला जात नाही, फार ओल्यात वाफ कोंडून ब्रिकेट तडकते.

ओल हाताने किंवा आवाजाने ओळखू नका. ट्रकच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या थरांतून नमुने घ्या, फोडून एकत्र करा आणि लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा. त्यातले 200 ग्रॅम 105 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. 170 ग्रॅम उरले तर ओल 15 टक्के. मात्र हेच 30 ग्रॅम कोरड्या वजनावर मोजले तर आकडा 17.6 येतो. व्यापारी आणि कारखाना यांच्यात इथेच वाद होतात, म्हणून टक्केवारी कोणत्या वजनावर धरायची आणि ठरल्यापेक्षा ओल जास्त निघाली तर किती पैसे कापायचे, हे ऑर्डरवरच लिहून घ्यावं.